साथीला बसलेले उस्ताद

१६ डिसेंबर २०२४, सोमवारची सकाळ. आदल्या रात्रीपासून मोबाईलवर उलटसुलट बातम्या येत होत्या. उस्ताद झाकीर हुसेन गेले, अशी बातमी रात्री आली. थोड्याच वेळात घरच्यांनी ती खोटी असल्याचे सांगितले. सकाळी मात्र अमेरिकेतून कुटुंबीयांनीच ती कळवली आणि शंकेला जागा उरली नाही. मी शाळेत पोहोचले तेव्हा शिक्षकांच्या खोलीत हाच विषय चालू होता. कोणी चहाच्या जाहिरातीची आठवण काढत होते, कोणी त्यांच्या केसांची. तेवढ्यात आमचे एक सहकारी सहज बोलून गेले, "इतना क्या रोना? तबलजी ही तो थे."

त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता. पण 'तबलजी' हा शब्द दिवसभर माझ्या कानात राहिला. तबलजी म्हणजे साथीला बसणारा. गवई मध्यभागी, सतारिये मध्यभागी आणि तबलजी बाजूला. टाळ्या मध्यभागी बसलेल्याला. मैफिलीच्या शेवटी कोणाला आठवण राहिली तर तबलजीचेही नाव घ्यायचे. आपल्या समाजालाही या महाराष्ट्रात पुष्कळदा असेच बाजूला बसवले जाते, असे मला त्या दिवशी वाटले. म्हणून हा लेख. एका तबलजीने आणि त्याच्या मुलाने साथीच्या जागेवर बसून जगातल्या सर्वांत गाजलेल्या मैफिलींत काय केले, ते आपल्या वाचकांपुढे मांडावे, एवढाच हेतू.

मी मनमाडच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवते. आमच्या गावाची ओळख म्हणजे रेल्वेचे जंक्शन, पाणीटंचाई आणि गाडीच्या खिडकीतून दिसणारी हडबीची शेंडी. अशा गावातल्या मुस्लिम घरात अमेरिकेतल्या रॉक मैफिलींच्या आठवणी कुठून आल्या, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्या माझ्या चाचांमुळे आल्या. चाचा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. सुट्टीच्या दिवशी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जायचे आणि चोर बाजारातून जुन्या कॅसेटी घेऊन यायचे. त्यांत कव्वाल्या असत, तलत महमूद असत आणि कधी कधी इंग्रजी गाणीही असत. इंग्रजी त्यांना फारसे कळत नसे. "बोल कळले नाहीत तरी ठेका कळतो," असे ते म्हणत.

त्या कॅसेटींमध्ये एक होती ती न्यूयॉर्कच्या १९७१ सालच्या मैफिलीची. उन्हाळ्यात वीज गेली की आम्ही पोरे अंगणात खाटांवर पडायचो आणि चाचा टेपरेकॉर्डरमध्ये सेल घालून ती लावायचे. सुरुवातीला तारा छेडल्याचा आवाज येई, मग जोरात टाळ्या आणि मग एक गृहस्थ इंग्रजीत काहीतरी बोलत. तिथे चाचा दर वेळी हसायचे. का हसतात ते मला पुष्कळ वर्षांनी कळले. ते गृहस्थ म्हणजे पंडित रविशंकर. वादन सुरूच झाले नव्हते, कलाकार नुसते वाद्ये जुळवत होते आणि समोरचे हजारो लोक त्यालाच संगीत समजून टाळ्या पिटत होते. तेव्हा रविशंकर म्हणाले होते की, वाद्ये जुळवणे तुम्हाला एवढे आवडले असेल, तर वादन त्याहून अधिक आवडेल अशी आशा आहे! त्यानंतर मात्र वादन सुरू होई आणि चाचा बोट वर करून म्हणत, "बेटा, ये जो बाजू में बज रहा है ना, उसे सुन. वो अल्लारखा हैं."

बाजूला वाजते आहे ते ऐक, हा संगीताचा मला मिळालेला पहिला धडा.

उस्ताद अल्लारखा यांचा जन्म २९ एप्रिल १९१९ रोजी जम्मूजवळच्या एका खेड्यात झाला. घरात गाण्याबजावण्याची परंपरा नव्हती. वयाच्या बाराव्या वर्षी तबल्याच्या नादाने मुलगा घर सोडून निघाला आणि पंजाब घराण्याचे मियाँ कादिरबख्श यांचा शागीर्द झाला. पतियाळाच्या आशिक अली खाँ यांच्याकडे त्याने रागांचीही तालीम घेतली. पुढे लाहोरला साथ करणे आणि मग मुंबई. मुंबईच्या रेडिओ केंद्रावर ते नोकरीला होते. पंजाबकडून मुंबईला येणारी पंजाब मेल आमच्या मनमाडवरून जाते. त्यामुळे, "उस्ताद आपल्याच स्टेशनावर उतरून चहा प्यायले असतील," असे चाचा ठामपणे सांगत. याला पुरावा नाही. इतिहासाची शिक्षिका म्हणून मी ते नाकारले पाहिजे, पण पुतणी म्हणून मला ते नाकारवत नाही.

मुंबईत त्यांनी ए. आर. कुरेशी या नावाने हिंदी चित्रपटांना संगीतही दिले. १९५२ चा 'बेवफा' त्यांचाच. पण चित्रपटातला पैसा सोडून ते पुन्हा तबल्याकडे वळले आणि रविशंकर यांच्या साथीला परदेशात जाऊ लागले. बिऱ्हाड माहीमला, मखदूम अली माहिमींच्या दर्ग्याच्या परिसरात. ज्या कोकणच्या किनाऱ्यावर सहाशे वर्षांपूर्वी कुरआनचा भाष्यकार होऊन गेला, त्याच किनाऱ्यावरच्या वस्तीतून हा तबला जगात गेला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता त्या मैफिलींकडे वळू. १९६० नंतरच्या दशकात अमेरिका आणि इंग्लंडमध्ये रॉक संगीताची लाट आली होती. विजेवर चालणाऱ्या गिटारी, मोठमोठे ड्रम, कानठळ्या बसवणारे ध्वनिवर्धक आणि समोर हजारोंच्या संख्येने तरुण मुलेमुली. व्हिएतनामचे युद्ध चालू होते, वडीलधाऱ्यांवरचा विश्वास उडाला होता आणि ही पिढी गाण्यात काहीतरी शोधत होती. बीटल्स या जगप्रसिद्ध चमूतील जॉर्ज हॅरिसन रविशंकर यांच्याकडे सतार शिकू लागला आणि या मुलांचे लक्ष हिंदुस्तानकडे वळले.

१६ ते १८ जून १९६७ या तीन दिवसांत कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी येथे मोठा पॉप महोत्सव भरला. पुढे अशा महोत्सवांची जी रीघ लागली, तिची सुरुवात म्हणून मॉन्टेरीचे नाव घेतात. १८ तारखेची रविवारची दुपार एकट्या रविशंकर यांच्यासाठी राखून ठेवली होती. मागे-पुढे कोणी गिटारवाला नाही. सतार, तबला आणि तंबोरा. या मैफिलीची जी रेकॉर्ड निघाली, ती नीट पाहिली पाहिजे. तिच्यात भीमपलासी आहे, शेवटी धून आहे आणि या दोहोंच्या मध्ये अल्लारखांचा एकतालातला स्वतंत्र तबला आहे. साथीदाराला स्वतःचा असा वेळ मिळाला होता. ज्यांनी आयुष्यात तबला पाहिलाही नव्हता अशा मुलांसमोर ते एकटे बारा मात्रांचा हिशेब मांडत होते.

पेनबेकर या दिग्दर्शकाने या महोत्सवावर 'मॉन्टेरी पॉप' हा चित्रपट केला. तो १९६८ मध्ये आला. महोत्सवात एकाहून एक नावाजलेले गायक-वादक होते, पण चित्रपटाचा शेवट दिग्दर्शकाने सतार-तबल्यावर केला आहे. मी तो आता मोबाईलवर पाहिला आहे. कॅमेरा आधी श्रोत्यांवर फिरतो. डोक्यात फुले माळलेल्या मुली, डोळे मिटून बसलेले तरुण. मग सवाल-जवाब सुरू होतात. सतार एक वाक्य बोलते, तबला ते तसेच्या तसे परत करतो. वाक्ये लहान होत जातात, वेग वाढतो आणि दोघे एका जागेवर येऊन थांबतात. क्षणात सारे मैदान उभे राहते. त्या वेळी मध्यभागी कोण आणि बाजूला कोण, हे सांगता येत नाही.

त्याच रात्री त्याच मंचावर जिमी हेंड्रिक्स या अफाट गिटारवादकाने वादनाच्या शेवटी आपली गिटार जाळली. दुसऱ्या एका चमूने आपली गिटार आपटून फोडली. रविशंकर यांना हे पाहून फार वाईट वाटले. आपल्याकडे वाद्याला पाय लागला तरी हात लावून कपाळी लावतात. हेंड्रिक्स मोठा कलावंत होता यात शंका नाही आणि त्याच्या आगीतही त्या पिढीची काही तगमग असेल. पण त्या एका दिवसात मॉन्टेरीच्या श्रोत्यांनी वाद्याशी वागण्याच्या दोन तहजिबी पाहिल्या, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

दोन वर्षांनी वुडस्टॉक. न्यूयॉर्क राज्यातील एका शेतावर १५ ऑगस्ट १९६९ रोजी हा महोत्सव सुरू झाला. चार लाखांच्या वर माणसे जमली. कुंपणे पडली, रस्ते तुंबले, अन्न संपले. पहिल्याच रात्री रविशंकर मंचावर आले आणि पाऊस सुरू झाला. साथीला अल्लारखा आणि तंबोऱ्यावर माया कुलकर्णी. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध रॉक महोत्सवात, आपल्या स्वातंत्र्यदिनाच्या रात्री, एक बंगाली, एक जम्मूकडचा मुसलमान आणि एक मराठी आडनावाची बाई पावसात बसून वाजवत होती, हे चित्र मला फार आवडते. इथेही अल्लारखांनी झपतालात स्वतंत्र तबला वाजवला. चिखलात बसलेली ती गर्दी पाहून आपल्याला पाण्यात डुंबणाऱ्या म्हशींची आठवण झाली, असे रविशंकर यांनी पुढे लिहून ठेवले आहे. नशेत बुडालेल्या श्रोत्यांसमोर वाजवणे त्यांना रुचले नाही. म्हणजे हे कलाकार त्या गर्दीने दिपून गेले नव्हते. गर्दी केवढी, यापेक्षा ती ऐकते कशी, हा त्यांचा प्रश्न होता.

वुडस्टॉकचा विषय निघाला की मला आणखी एक मैदानी आवाज आठवतो. तो याच महिन्यात कायमचा थांबला. बार्शीचे महबूब हुसेन पटेल, म्हणजे आपले शाहीर अमर शेख, २९ ऑगस्ट १९६९ रोजी अपघातात गेले. अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्यासोबत लालबावटा कलापथकातून गाणारा, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हजारोंच्या सभा आपल्या आवाजाने उठवणारा हा माणूस. गिरणगावच्या मैदानात डफ-तुणतुण्यावर जे घडत होते, ते वुडस्टॉकहून निराळे असले तरी कमी खासच नव्हते. वुडस्टॉकमध्ये कोणत्या रात्री कोणी काय वाजवले, याचा हिशेब आज घरबसल्या मिळतो. अमर शेखांच्या एका सभेचे असे वर्णन मी वर्गात दाखवण्यासाठी शोधत राहिले, पण माझ्या हाती ओझरते उल्लेखच आले. आपण आपल्या आवाजांची नोंद ठेवण्यात कमी पडलो, ही खंत इथे नमूद केली पाहिजे.

आता चाचांच्या कॅसेटकडे येते. १९७० च्या नोव्हेंबरात पूर्व पाकिस्तानात भयंकर चक्रीवादळ झाले. त्यानंतर मार्च १९७१ पासून पाकिस्तानी लष्कराने तिथल्या बंगाली जनतेवर अत्याचार सुरू केले. वर्षअखेरपर्यंत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. मारणाऱ्यांच्या आणि मरणाऱ्यांच्या तोंडी बहुतेक एकच कलमा होता. म्हणूनच की काय, आपल्याकडे या विषयावर बोलताना आजही जीभ अडखळते. रविशंकर यांचे पूर्वज त्याच बंगालचे. सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांचा तर जन्मच तिथल्या शिबपूर गावचा. आपल्या माणसांसाठी काही करता येईल का, असे रविशंकर यांनी हॅरिसनला विचारले. हॅरिसनने अवघ्या काही आठवड्यांत आपल्या मित्रांना गोळा केले. बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, बिली प्रेस्टन, लिऑन रसेल. एकेका नावावर सभागृह भरावे असे हे लोक.

१ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुपारी आणि रात्री असे दोन कार्यक्रम झाले. दोन्ही मिळून सुमारे चाळीस हजार श्रोते होते. रॉकच्या जगातली, संकटग्रस्तांसाठी एवढ्या मोठ्या प्रमाणावर झालेली ही पहिली मैफल मानली जाते. पुढे १९८५ मध्ये आफ्रिकेतील दुष्काळग्रस्तांसाठी 'लाइव्ह एड' झाले, त्याची वाट इथूनच निघाली. या मैफिलीची सुरुवात गिटारीने झाली नाही. आधी सतार, सरोद, तबला आणि कमला चक्रवर्तींचा तंबोरा. श्रोत्यांनी वादन चालू असताना धूम्रपान करू नये, अशी विनंतीही रविशंकर यांनी केली. मग 'बांगला धून'. आधी दादरा, मग तीनताल. अल्लारखांचा तबला सुरुवातीला दबक्या पावलांनी येतो. तो सतार आणि सरोद दोघांनाही जागा करून देतो. शेवटी मात्र लय चढते तेव्हा दोघांचाही लगाम त्यांच्या हातात असतो. साथ म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने ही धून ऐकावी. साथ म्हणजे मागे राहणे नव्हे. दुसऱ्याचे पाऊल कुठे पडणार हे आधी ओळखणे आणि तिथे जमीन तयार ठेवणे, म्हणजे साथ.

तिकिटांतून जमलेले २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले. रेकॉर्डचे आणि चित्रपटाचे पैसे मात्र करांच्या भानगडीत वर्षानुवर्षे अडकून पडले. गरज होती तेव्हा ते पोहोचले नाहीत, ही या कथेची दुखरी बाजू. तरीही 'बांगला देश' हे नाव अमेरिकेतल्या घराघरात त्या एका दिवसात पोहोचले. १९७३ मध्ये या रेकॉर्डला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

या सगळ्या काळात माहीमच्या घरी एक मुलगा वाढत होता. झाकीर हुसेन यांचा जन्म ९ मार्च १९५१ चा. त्यांच्या जन्माची एक हकिगत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. नवजात बाळाच्या कानात वडिलांनी दुआ म्हणायची, ही आपली रीत. अल्लारखांनी बाळाला जवळ घेतले आणि त्याच्या कानात तबल्याचे बोल म्हटले. आई नाराज झाली, तेव्हा ते म्हणाले की हीच माझी इबादत आहे. संगीत जायज की नाजायज, हा वाद मला इथे उकरायचा नाही. तो माझा अधिकारही नाही. पण हाच मुलगा पहाटे वडिलांसमोर बसून रियाज करी, मग मदरशात जाऊन कुरआन पढे, मग सेंट मायकेलच्या शाळेत जाऊन ख्रिस्ती प्रार्थना म्हणे आणि यांतल्या कोणत्याही ठिकाणी त्याला कोणी हटकले नाही, असेही त्यांनी सांगितले आहे. माहीमच्या त्या एका रस्त्यावर एवढे सगळे एका सकाळी मावत होते. आज ते मावते का, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या गल्लीत उभे राहून विचारावा.

१९७० मध्ये, अजून विशीही गाठली नसताना, झाकीर रविशंकर यांच्या साथीला अमेरिकेत गेले आणि तिथेच राहून शिकवू लागले. तरुण वय आणि भोवती रॉकची धुंदी. आपणही तबला ठेवून ड्रम वाजवावेत, रॉकस्टार व्हावे, असे त्यांना वाटू लागले. १९७३ च्या जॉर्ज हॅरिसनच्या एका अल्बमसाठी ते तबला वाजवत होते, त्या सुमारास त्यांनी हे मनोगत हॅरिसनजवळ बोलून दाखवले. हॅरिसनने त्यांना समजावले की ड्रम वाजवणारे इथे हजारो आहेत, तू त्यांत आणखी एक होशील. तुझ्याजवळ जे आहे ते इथे दुसऱ्या कोणाजवळ नाही. ही गोष्ट झाकीरभाई मुलाखतींत कृतज्ञतेने सांगत असत. ज्या गोऱ्या कलावंताच्या मैफिली पाहून त्यांना तबला सोडावासा वाटला, त्यानेच त्यांना तबल्याकडे परत पाठवले.

आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगते. त्यांच्या घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी आणि स्वप्नात इंग्रजी. यांतले काय टाकले म्हणजे आपण पुढे जाऊ, हाच त्यांना सतत पडलेला प्रश्न. झाकीरभाईंनी काही टाकले नाही. इंग्लिश गिटारवादक जॉन मॅकलॉक्लिन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटमवादक विक्कू विनायकराम यांच्याबरोबर त्यांचा 'शक्ती' हा चमू उभा राहिला. रॉक ऐकणारे तरुण आता तबला आणि मातीचा घट ऐकायला येऊ लागले. ग्रेटफुल डेड या रॉक चमूतला ड्रमवादक मिकी हार्ट अल्लारखांच्या तालमीतून बरेच काही शिकला होता. त्याच्याबरोबर झाकीरभाईंनी केलेल्या 'प्लॅनेट ड्रम'ला १९९२ मध्ये ग्रॅमी मिळाले. डिसेंबर २००० मध्ये 'शक्ती'चा नवा चमू मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात वाजला. त्यात शिवकुमार शर्मा होते, शंकर महादेवन होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये, मृत्यूच्या दहा महिने आधी, झाकीरभाईंना एका रात्रीत तीन ग्रॅमी मिळाली.

मी त्यांना एकदाच प्रत्यक्ष ऐकले. अल्लारखा ३ फेब्रुवारी २००० रोजी मुंबईत गेले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी ३ फेब्रुवारीला झाकीरभाई मुंबईत पहाटेपासून रात्रीपर्यंत मैफल भरवत असत. मी बी.एड. करत होते तेव्हा चाचा मला घेऊन गेले. रात्रीची गाडी पकडून आम्ही पहाटे दादरला उतरलो आणि सायनपर्यंत गेलो. थंडी होती. सभागृहात टोपीवाले होते, गंधवाले होते, परदेशी होते. झाकीरभाई मंचावर आले तेव्हा त्यांनी आधी तबल्याला हात लावून तो कपाळी नेला.

वादनाच्या मध्येच त्यांनी गाडी सुरू केली. ही त्यांची लोकप्रिय करामत. पुष्कळांनी ऐकली असेल. आधी इंजिनाचा जड श्वास, मग डब्यांचा धक्का, मग रूळ बदलताना होणारी खडखड आणि हळूहळू पकडलेला वेग. सभागृह हसत होते, टाळ्या देत होते. चाचा माझ्या कानाशी लागून म्हणाले, "मनमाड छूट गया." पस्तीस वर्षे रेल्वेत काढलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होते. आपल्या आयुष्यातला रोजचा, कोणीही लक्ष न दिलेला आवाज एवढ्या मोठ्या मंचावर ऐकायला मिळाला, याचे ते पाणी असावे.

पुढे निवृत्तीनंतर चाचांची संगत बदलली. संगीत ऐकणे त्यांनी सोडले. एके दिवशी कॅसेटींची पेटी त्यांनी माझ्या हवाली केली. "फेकू मत, मगर मेरे सामने मत रख," एवढेच म्हणाले. मी वाद घातला नाही. माणसाने आपल्या ईमानाचा हिशेब आपणच करावा. पेटी माझ्या कपाटावर राहिली.

एक गोष्ट माझ्याबद्दलही सांगितली पाहिजे. झाकीरभाई गेले त्याच्या काही महिने आधी आठवीच्या वर्गात एक मुलगा तास चालू असताना बाक वाजवत होता. दोनदा सांगूनही थांबला नाही, तेव्हा मी त्याला वर्गाबाहेर उभे केले आणि म्हणाले, "तबलजी बनना है क्या?" वर्ग हसला. तो मुलगा त्या दिवसापासून बाक वाजवायचा थांबला. मला तेव्हा ते शिस्तीचे यश वाटले. १६ डिसेंबरला सहकाऱ्याच्या तोंडून तोच शब्द ऐकला, तेव्हा माझी मान खाली गेली. तो शब्द त्यांच्याआधी मी वापरला होता.

त्या दिवशी शेवटच्या तासाला मी पुस्तक उघडले नाही. फळ्यावर 'उस्ताद' असा शब्द उर्दूत आणि मराठीत लिहिला आणि मॉन्टेरी, वुडस्टॉक, न्यूयॉर्क, माहीम ही सारी हकिगत मुलांना सांगितली. मग त्या मुलाला त्याचा बाक वाजवायला सांगितले. तो आधी लाजला. मला सोळा मात्रा मोजता येतात तेवढ्याच येतात. मी बोटांवर मोजत राहिले आणि त्याने तीनदा समेवर अचूक आणून सोडले. हा मुलगा पुढे काय होईल, मला माहीत नाही. त्याचे वडील हातगाडी चालवतात, तबला घेण्याची ऐपत नाही. पण त्याच्या हाताची मी चेष्टा केली होती, ती परत घेतली, एवढे समाधान.

१९ डिसेंबर २०२४ रोजी झाकीरभाईंचा दफनविधी कॅलिफोर्नियात झाला. संध्याकाळी मी चाचांकडे गेले. बातमी त्यांना कळलेली होती. थोडा वेळ आम्ही गप्प बसलो. मग तेच म्हणाले, "वो पेटी है तेरे पास?" पेटी होती, पण कॅसेट लावायला आता घरात यंत्र नव्हते. मी मोबाईलवर 'बांगला धून' लावली. तारा जुळवल्या गेल्या, टाळ्या पडल्या, रविशंकर बोलले आणि चाचा त्याच जागी हसले. धून संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. रजईवर त्यांची बोटे मात्र मात्रा मोजत होती.

वाचकहो, प्रत्येक गावात असे एक चाचा असतात. कोणी अमर शेखांना ऐकलेले असते, कोणी उरुसातली रात्रभराची कव्वाली, कोणी मालेगावचा मुशायरा, कोणी मुंबईत एखादी इंग्रजी मैफल. हे ऐकलेले कुठेही लिहिलेले नाही. ते माणसांबरोबर जाते. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसून ते विचारून घ्या आणि उतरवून ठेवा. तारीख, जागा, कोण गायले, साथीला कोण होते, सगळे. आणि साथीला बसलेल्याचे नाव आधी विचारा.